जेलिफिनच्या एपीआयमधून युजर लॉगिन: हेडरपासून लॉगआउटपर्यंत

जेलिफिन म्हणजे आपल्याच संगणकावर चालवायचा, सिनेमे-मालिका दाखवणारा मीडिया सर्व्हर. त्यावर एपीआयमधून, म्हणजे थेट कोडमधून, लॉगिन करायला एकच पोस्ट रिक्वेस्ट पुरते. नाव आणि पासवर्ड पाठवायचा, टोकन (पुढच्या रिक्वेस्टना ओळख म्हणून लावायची किल्ली) घ्यायचं, झालं. तरी याच एका रिक्वेस्टवर अनेकांचा अख्खा दिवस जातो, कारण पासवर्ड बरोबर असूनही सर्व्हर 'एरर प्रोसेसिंग रिक्वेस्ट' एवढंच बोलून गप्प बसतो. गोम अशी की जेलिफिनला नुसता माणूस ओळखून भागत नाही. हा माणूस कोणत्या अ‍ॅपमधून, कोणत्या उपकरणावरून आला हेही त्याला कळावं लागतं, आणि टोकन निघतं ते त्या उपकरणाच्या नावावर. टोकन नुसतं माणसाचं नसून त्याच्या उपकरणाशी बांधलेलं असतं, हे एकदा डोक्यात बसलं की पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणींचा उलगडा आपोआप होतो.

एक खुलासा आधीच करतो. लेखात एपीआयचे पत्ते आणि फील्डची नावं देवनागरीत दिली आहेत; कोडमध्ये ती मूळ इंग्रजी स्पेलिंगनेच लिहायची. नेमकं स्पेलिंग पाहायला तुमच्याच सर्व्हरच्या पत्त्यापुढे /एपीआय-डॉक्स/स्वॅगर लावा. त्या आवृत्तीचे सगळे एंडपॉइंट, त्यांची फील्ड आणि उत्तरांचे नमुने तिथे मिळतात. कुणाच्या तरी पाच वर्षं जुन्या कोडमधून ओळी उचलण्यापेक्षा हे पान उघडं ठेवलेलं बरं, कारण जेलिफिनची लॉगिन पद्धत मधल्या काळात बदलत गेली आहे आणि जुने तुकडे अजून सगळीकडे फिरत असतात.

पहिलं पाऊल: समोर खरंच जेलिफिन आहे का?

युजरने दिलेला सर्व्हरचा पत्ता जसाच्या तसा वापरू नका. कुणी शेवटी तिरकी रेघ ठेवतं, कुणी पोर्ट विसरतं, कुणी ब्राउझरमधला पूर्ण वेब-पत्ताच चिकटवतं. जेलिफिनचं ठरलेलं पोर्ट साध्या एचटीटीपीला ८०९६ आणि एचटीटीपीएसला ८९२०. रिव्हर्स प्रॉक्सीमागे (बाहेरच्या रिक्वेस्ट झेलून आत पोचवणाऱ्या मधल्या सर्व्हरमागे) असेल तर बहुधा ४४३, आणि कधी कधी पत्त्यामागे एखादा बेस पाथही, म्हणजे ठरलेला उपपत्ता, लागतो.

शेवटची रेघ काढून /सिस्टम/इन्फो/पब्लिक ला गेट रिक्वेस्ट करा. याला लॉगिन लागत नाही. उत्तरात सर्व्हरचं नाव, आवृत्ती, प्रॉडक्टनेम आणि सर्व्हरचा आयडी येतो. हा आयडी जपून ठेवा. उद्या सर्व्हरचा पत्ता बदलला तरी आयडी तोच राहतो, आणि साठवलेलं टोकन याच सर्व्हरचं आहे ना, हे त्यावरून पडताळता येतं. या रिक्वेस्टच्या उत्तरात जेसनऐवजी एचटीएमएल आलं, तर तुम्ही प्रॉक्सीच्या किंवा भलत्याच सेवेच्या दारात उभे आहात. तिथे पासवर्ड पाठवायचा नाही.

रीडायरेक्टवर इथेच लक्ष ठेवा. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर ढकलणारा प्रॉक्सी गेट रिक्वेस्टला काहीच त्रास देत नाही, पण पोस्टची वाट लावतो. ३०१ किंवा ३०२ आल्यावर बऱ्याच लायब्ररी पोस्टचं गेट करतात आणि बॉडी टाकून देतात; होस्ट बदलला तर ऑथोरायझेशन हेडरही काढून टाकतात. मग लॉगिनच्या रिक्वेस्टला भलताच एरर येतो आणि माणूस पासवर्ड तपासत बसतो. म्हणून या पहिल्या गेटमध्ये रीडायरेक्ट झाल्यावर शेवटी जो पत्ता मिळाला, तोच मूळ पत्ता म्हणून साठवा आणि पुढच्या पोस्टसाठी रीडायरेक्ट बंद ठेवा.

दुसरं पाऊल: ओळखीचं हेडर

लॉगिनच्या रिक्वेस्टबरोबर ऑथोरायझेशन हेडर जातं ते असं:

ऑथोरायझेशन: मीडियाब्राउझर क्लायंट="पडदा", डिव्हाइस="बैठकीतला टीव्ही", डिव्हाइसआयडी="४१७७०३५२९८", व्हर्जन="१.०.०"

सुरुवातीचा 'मीडियाब्राउझर' शब्द बुचकळ्यात टाकतो. जेलिफिन डिसेंबर २०१८ मध्ये एम्बी या दुसऱ्या मीडिया सर्व्हरपासून फुटून निघाला, आणि एम्बीचं त्याआधीचं नाव होतं मीडिया ब्राउझर. नावं बदलली, हेडरमधला शब्द राहिला. तिथे इतर एपीआयच्या सवयीने 'बेअरर' लिहिलं तर चालत नाही.

चारही भाग द्यायचे, एकही रिकामा ठेवायचा नाही. क्लायंट म्हणजे अ‍ॅपचं नाव, डिव्हाइस म्हणजे माणसाला वाचून कळेल असं उपकरणाचं नाव, डिव्हाइसआयडी म्हणजे त्या उपकरणाची खूण (तिच्याबद्दल पुढे), व्हर्जन म्हणजे तुमच्या अ‍ॅपची आवृत्ती. यातलं काही राहिलं की सर्व्हरच्या लॉगमध्ये 'अमुक व्हॅल्यू नल असू शकत नाही' अशी नोंद पडते आणि बाहेर मात्र 'एरर प्रोसेसिंग रिक्वेस्ट' हे मोघम वाक्य येतं. लॉग वाचायची सोय असेल तर अंदाज बांधत बसू नका, सरळ लॉग उघडा.

आता वरची ओळ पुन्हा पाहा. ती जशीच्या तशी पाठवली तर फुटेल. एचटीटीपी हेडरमध्ये साधी आस्की, म्हणजे इंग्रजी, अक्षरंच भरवशाने जातात. 'बैठकीतला टीव्ही' पाठवायला गेलात तर काही लायब्ररी रिक्वेस्ट निघण्याआधीच एन्कोडिंगचा एरर देतात, तर काही मुकाट्याने कचरा पाठवतात. उपाय सोपा आहे: प्रत्येक व्हॅल्यू यूआरएलसारखी पर्सेंट-एन्कोड करून मग अवतरण चिन्हांत ठेवा. सर्व्हर ती उलगडून घेतो. देवनागरीतलं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं, म्हणजे एन्कोड केल्यावर ९ अक्षरांचं होतं. तेव्हा लांबलचक नावं टाळलेली बरी. फोनच्या नावात अवतरण चिन्ह, स्वल्पविराम किंवा अधिकचं चिन्ह असलं तरी हीच काळजी लागते. अधिकचं चिन्ह एन्कोड न करता गेलं तर दुसऱ्या टोकाला त्याची मोकळी जागा होते. तुमच्या चाचणीच्या उपकरणाचं नाव साधं असतं, म्हणून हा दोष चाचणीत सापडत नाही. तो सापडतो युजरच्या हातात.

डिव्हाइस आयडी: सगळा खेळ इथे

एका डिव्हाइस आयडीवर एका वेळी एकच टोकन चालतं. त्याच आयडीने नवं लॉगिन झालं की आधीचं टोकन रद्द होतं. यातून तीन चुका जन्माला येतात, आणि तिन्ही फार नेहमीच्या आहेत.

पहिली चूक आयडी कोडमध्ये कायमचा लिहून ठेवण्याची. तुमचं अ‍ॅप एकाच सर्व्हरवर दोघं वापरतात असं धरा. पहिल्याने लॉगिन केलं, सिनेमा लावला. दुसऱ्याने आपल्या फोनवर लॉगिन केलं. पहिल्याचं टोकन तत्क्षणी बाद. तो परत लॉगिन करतो, दुसरा बाहेर. दोघांनाही वाटतं सर्व्हर बिघडलाय.

दुसरी याच्या उलट: अ‍ॅप सुरू होताना दर वेळी नवा आयडी बनवणं. यात कुणी बाहेर फेकलं जात नाही, पण अ‍ॅडमिनच्या डॅशबोर्डवर एकाच फोनच्या नावाने उपकरणांची रांग लागते. जेलिफिनचं टोकन ठरावीक मुदतीनंतर आपोआप संपत नाही, त्यामुळे त्या रांगेतलं प्रत्येक टोकन जिवंत असतं. विसरलेल्या किल्ल्यांचा जुडगाच म्हणायचा.

तिसरी चूक एकाच उपकरणावर अनेक युजर ठेवणाऱ्या अ‍ॅपमध्ये होते. टीव्हीवर घरातल्या चौघांची खाती हवीत आणि चौघांना एकच डिव्हाइस आयडी दिला, तर खातं बदललं की आधीच्याचं टोकन गेलं.

तिन्हींवर मिळून एकच पद्धत वापरा. अ‍ॅप पहिल्यांदा उघडल्यावर एक यूयूआयडी (पुन्हा न येणारा यादृच्छिक आयडी) बनवून कायमचा साठवा. लॉगिनच्या वेळी त्याला युजरनेम जोडून दोन्हींचा हॅश (मजकुरापासून निघणारी ठरावीक लांबीची खूण) काढा आणि तो डिव्हाइस आयडी म्हणून पाठवा. युजरनेम आधी लहान लिपीत करून घ्या, कारण सर्व्हर नावातली मोठी-लहान अक्षरं एकच मानतो. तुमचा हॅश मानत नाही. युजर आयडीऐवजी नाव घ्यायचं ते एवढ्यासाठी की लॉगिन होईपर्यंत आयडी आपल्याला माहीतच नसतो.

तिसरं पाऊल: प्रत्यक्ष लॉगिन

पत्ता आहे /युजर्स/ऑथेंटिकेटबायनेम, पद्धत पोस्ट. कोडचा सांगाडा असा:

हेडर = {
  "ऑथोरायझेशन": ओळख(क्लायंट, डिव्हाइस, डिव्हाइसआयडी, व्हर्जन),
  "कंटेंट-टाइप": "अ‍ॅप्लिकेशन/जेसन"
}
बॉडी = { "युजरनेम": नाव.ट्रिम(), "पीडब्ल्यू": पासवर्ड }
उत्तर = पोस्ट(मूळपत्ता + "/युजर्स/ऑथेंटिकेटबायनेम", हेडर, बॉडी, टाइमआउट = १०, रीडायरेक्ट = नाही)

नाव ट्रिम केलं आहे, पासवर्ड नाही. फोनचा कीबोर्ड सुचवलेल्या शब्दामागे मोकळी जागा टाकतो, ती नावातून काढायलाच हवी. पासवर्डला मात्र हात लावायचा नाही. कुणाच्या पासवर्डच्या शेवटी मुद्दाम ठेवलेली मोकळी जागाही असू शकते.

पासवर्डच्या फील्डचं नाव 'पीडब्ल्यू', आणि त्यात पासवर्ड उघडा जातो. जुन्या उदाहरणांत 'पासवर्ड' नावाचं फील्ड आणि त्यात शा-१ हॅश दिसतो. ती एम्बीच्या काळातली पद्धत, आता सोडून द्या. हॅशिंग सर्व्हर स्वतः करतो. उघडा पासवर्ड जातो याचाच अर्थ घराबाहेरून येणारं लॉगिन एचटीटीपीएसवरच हवं. प्रमाणपत्र स्वतःच सही केलेलं असेल तर कोडमध्ये तपासणी बंद करण्याचा मोह होतो, आणि 'तात्पुरती' म्हणून लिहिलेली ती ओळ कधीच निघत नाही. त्यापेक्षा ते प्रमाणपत्र विश्वासू यादीत घाला.

कंटेंट-टाइप विसरलात तर ४१५ येतो. कमांड लाइनवरून कर्ल या रिक्वेस्ट पाठवणाऱ्या साधनाने आजमावताना विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये जेसनभोवती एकेरी अवतरण चिन्हं चालत नाहीत. बॉडी तुटकी जाते आणि ४०० येतो. बॉडी फाइलमध्ये लिहून फाइलच पाठवली की ही कटकट मिटते.

२०० आल्यावर उत्तरात मुख्य चार गोष्टी असतात: युजर, सेशनइन्फो, अ‍ॅक्सेसटोकन आणि सर्व्हरआयडी. तुम्ही साठवायचं ते टोकन, युजरचा आयडी आणि सर्व्हरचा आयडी. युजरनेम दाखवण्यापुरतं ठेवा; अ‍ॅडमिन ते कधीही बदलू शकतो, त्यामुळे डेटाबेसमध्ये ओळख म्हणून आयडीच हवा. हा आयडी जेलिफिन मधल्या आडव्या रेघांशिवाय देतो, ३२ अक्षरांचा. तुमच्या प्रोग्रामिंग भाषेतला जीयूआयडीचा (यूयूआयडीचंच दुसरं नाव) प्रकार छापताना रेघा घालतो. मग दोन्हींची तुलना मजकूर म्हणून केली की एकच युजर दोन वेगळे दिसतात. आत घेतानाच एका रूपात आणून ठेवा.

आणि लॉगिन झाल्या झाल्या पासवर्ड मेमरीतून सोडून द्या. तो कुठेही साठवायची गरज नाही.

चौथं पाऊल: टोकन वापरणं आणि राखणं

पुढच्या प्रत्येक रिक्वेस्टला तेच ऑथोरायझेशन हेडर लावायचं, फक्त त्यात टोकन="…" हा पाचवा भाग जोडून. टोकन चालतंय का हे पाहायला /युजर्स/मी ला गेट करा. टोकन ज्याचं आहे त्या युजरची माहिती येते. अ‍ॅप उघडल्यावर पहिली रिक्वेस्ट हीच ठेवली तर पुढचा गोंधळ टळतो.

टोकन देण्याचे आणखी मार्ग दिसतील: एक्स-एम्बी-टोकन, एक्स-मीडियाब्राउझर-टोकन ही हेडर, किंवा पत्त्यामागे एपीआय_की. हा सगळा वारसा आहे. नव्या आवृत्त्यांत अ‍ॅडमिनला हे जुने मार्ग बंद करता येतात, त्यामुळे आज चालणारा कोड उद्या दुसऱ्या सर्व्हरवर ४०१ देईल. नव्या कोडमध्ये ते घालूच नका. पत्त्यात टोकन घालण्याचं वेगळंच दुखणं आहे: पत्ते प्रॉक्सीच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये, ब्राउझरच्या इतिहासात, कॉपी केलेल्या लिंकमध्ये उरतात. हेडर लावताच न येणाऱ्या व्हिडिओ प्लेअरला पत्त्यातून टोकन द्यावं लागतं, तेवढाच अपवाद ठेवा. आणि तुमच्या स्वतःच्या लॉगमध्ये पत्ता छापताना तो भाग खोडून छापा.

टोकनला मुदत नाही म्हणजे ते अमर आहे असंही नाही. अ‍ॅडमिनने उपकरण यादीतून काढलं, युजरने पासवर्ड बदलला, खातं बंद झालं, सर्व्हर जुन्या बॅकअपवरून परत उभा केला, यातल्या कशानेही ते जातं. म्हणून कोणत्याही रिक्वेस्टवर ४०१ येऊ शकतो असं धरूनच कोड लिहा. ४०१ आला की टोकन पुसायचं आणि लॉगिनची खिडकी दाखवायची. मागच्या मागे साठवलेल्या पासवर्डने पुन्हा लॉगिन करायचा शहाणपणा करू नका; का ते लगेच पुढे.

एरर कोड काय सांगतात

लॉगिनच्या वेळी ४०१ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. दोन्हींतलं नेमकं काय, हे सर्व्हर सांगत नाही, आणि तुमच्या स्क्रीननेही सांगू नये.

४०३ जास्त बोलका आहे. पासवर्ड बरोबर असूनही आत यायला मनाई, असा त्याचा साधारण अर्थ. कारणं बरीच: खातं बंद आहे, युजरला बाहेरच्या नेटवर्कवरून यायची परवानगी नाही, त्याच्यासाठी ठरवलेल्या वेळेबाहेर तो आला आहे, या उपकरणाची त्याला मुभा नाही, किंवा एका वेळच्या सेशनची मर्यादा भरली आहे. 'पासवर्ड चुकीचा' असा संदेश यातल्या कशालाही लागू पडत नाही. तो दाखवलात तर युजर पासवर्ड बदलून घेईल आणि तरीही बाहेरच राहील. '४०३: तुमच्या खात्याला सध्या प्रवेश नाही, सर्व्हरच्या अ‍ॅडमिनला विचारा' हे पुरेसं आहे.

४०० आणि ५०० आले की आधी हेडर तपासा. ५०२ किंवा ५०३ प्रॉक्सीकडून येतात. सर्व्हर सुरू होत असताना हे स्वाभाविक आहे, थोडं थांबून परत विचारा.

मात्र परत विचारायचं ते फक्त ५०० च्या घरातल्या एररवर आणि नेटवर्क तुटल्यावर. ४०१ वर कधीच नाही. जेलिफिनमध्ये प्रत्येक युजरला 'किती चुकीच्या प्रयत्नांनंतर बाहेर काढायचं' अशी सेटिंग असते. शून्य म्हणजे ठरलेली मर्यादा: साध्या युजरला ३ प्रयत्न, अ‍ॅडमिनला ५. उणे १ म्हणजे मर्यादा बंद. मर्यादा ओलांडली की खातं थोडा वेळ थांबत नाही, ते थेट निष्क्रिय होतं आणि अ‍ॅडमिनने उघडेपर्यंत तसंच राहतं. आता कल्पना करा, तुमचं अ‍ॅप ४०१ आल्यावर साठवलेला जुना पासवर्ड आपणहून तीनदा पाठवतं. युजरने पासवर्ड बदलला, रात्री अ‍ॅप मागच्या मागे जागं झालं, आणि सकाळी खातं बंद. ज्याने काहीच केलं नाही त्याला शिक्षा.

पासवर्ड न टाकता: क्विक कनेक्ट

रिमोटने पासवर्ड टाइप करणं ही छळाची गोष्ट आहे. १०.७ आवृत्तीपासून जेलिफिनमध्ये क्विक कनेक्ट, म्हणजे दुसऱ्या उपकरणावर कोड टाकून लॉगिन करायची सोय, आहे, आणि टीव्ही किंवा कमांड लाइनच्या साधनासाठी तोच पहिला पर्याय ठेवावा. लॉगिन सिंगल साइन-ऑनच्या (एकाच बाहेरच्या खात्याने सगळीकडे लॉगिन) प्लगइनमधून होत असेल, म्हणजे युजरकडे जेलिफिनचा पासवर्डच नसेल, तर हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

आधी /क्विककनेक्ट/एनेबल्ड विचारा. अ‍ॅडमिनने बंद ठेवलेलं असू शकतं. चालू असेल तर /क्विककनेक्ट/इनिशिएट ला पोस्ट करा, ओळखीच्या हेडरसह, टोकनशिवाय. उत्तरात ६ अंकी कोड आणि एक लांब सीक्रेट येतो. कोड मोठ्या अक्षरात स्क्रीनवर दाखवा. सीक्रेट कुठेही दाखवायचा नाही. पुढे तोच पासवर्डच्या जागी उभा राहणार आहे.

युजर आधीच लॉगिन असलेल्या फोनवर किंवा ब्राउझरमध्ये क्विक कनेक्टच्या पानावर तो कोड टाकतो. तोवर तुमचा कोड दर ५ सेकंदांनी /क्विककनेक्ट/कनेक्ट ला सीक्रेट देऊन विचारत राहतो. 'ऑथेंटिकेटेड' खरं झालं की तोच सीक्रेट /युजर्स/ऑथेंटिकेटविथक्विककनेक्ट ला पोस्ट करा. त्याचं उत्तर नेहमीच्या लॉगिनसारखंच असतं, टोकनसकट.

कोड १० मिनिटं चालतो. त्यानंतर विचारलं तर ४०४ येतो. याला एरर न मानता गुपचूप नवा कोड घेऊन स्क्रीन बदला. खूपदा होणारी चूक अशी की 'ऑथेंटिकेटेड' खरं दिसल्यावर प्रोग्रामर तिथेच थांबतो आणि टोकन शोधत बसतो. टोकन त्या उत्तरात नसतंच, शेवटची पोस्ट केल्याशिवाय ते निघत नाही. इथे युजरनेम आधी माहीत नसतं, म्हणून वर सांगितलेला हॅश काढता येत नाही; त्याऐवजी या प्रयत्नापुरता नवा यूयूआयडी बनवा आणि टोकनबरोबर तोच साठवा.

आपल्या वेबसाइटला जेलिफिनचे युजर

सिनेमांची मागणी नोंदवणारी साइट, घरगुती डॅशबोर्ड, असं काही बनवताना वेगळी खाती न काढता जेलिफिनचीच वापरावीत हे सोयीचं वाटतं. रिक्वेस्ट तीच, पण आता ती युजरच्या उपकरणावरून न जाता तुमच्या सर्व्हरवरून जाते, आणि चित्र बरंच बदलतं.

इथे तुम्हाला टोकन सहसा नकोच असतं. माणूस खरा आहे की नाही एवढंच हवं असतं. म्हणून लॉगिन करा, उत्तरातून युजरचा आयडी आणि पॉलिसीमधलं (त्याच्या परवानग्यांच्या भागातलं) 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे का' एवढं घ्या, त्याच टोकनने /सेशन्स/लॉगआउट ला पोस्ट करा आणि तुमच्या साइटचं स्वतःचं सेशन सुरू करा. लॉगआउटला २०४ येतो, रिकाम्या बॉडीसह. ती जेसन म्हणून वाचायला जाऊ नका. लॉगआउट टाळलंत तर युजरच्या सेशनच्या मर्यादेतली एक जागा तुमची साइट अडवून बसते, आणि संध्याकाळी टीव्हीवर त्याला ४०३ मिळतो.

डिव्हाइस आयडी इथेही युजरगणिक वेगळा हवा. सगळ्यांना एकच दिला आणि दोघांनी एकाच क्षणी लॉगिन केलं, तर दुसऱ्याच्या लॉगिनने पहिल्याचं टोकन बाद होतं आणि पहिल्याची पुढची रिक्वेस्ट ४०१ खाते. असले दोष एकट्याने चाचणी करताना कधीच दिसत नाहीत.

तीन छिद्रं मुद्दाम बुजवा. जेलिफिनमध्ये पासवर्डशिवाय खातं ठेवता येतं. घरच्या टीव्हीवर ते सोयीचं, पण तुमची साइट इंटरनेटवर उघडी असेल तर नुसत्या नावावर कुणीही आत येईल. रिकामा पासवर्ड तुमच्याच फॉर्मवर अडवा. दुसरं, 'बाहेरून प्रवेश नाही' ही अट जेलिफिन रिक्वेस्टच्या आयपी पत्त्यावरून ठरवतो. तुमचा वेब सर्व्हर त्याच नेटवर्कमध्ये असेल तर सगळे युजर घरातलेच दिसतात आणि ती अट तुमच्या साइटपुरती निष्प्रभ होते. तिसरं, कुणीही परका माणूस तुमच्या फॉर्मवर दुसऱ्याचं नाव टाकून तीन चुकीचे पासवर्ड देऊ शकतो आणि त्याचं जेलिफिनचं खातंच बंद पाडू शकतो. तेव्हा प्रयत्नांवरची मर्यादा तुमच्या बाजूने लावा, आणि ती जेलिफिनच्या मर्यादेपेक्षा कमी ठेवा.

पुढे अ‍ॅडमिनने जेलिफिनमधलं खातं बंद केलं तर तुमच्या साइटचं सेशन आपोआप संपत नाही, कारण टोकन तुम्ही परत केलेलं आहे. यासाठी डॅशबोर्डवरून एक एपीआय की काढून त्या कीने ठरावीक वेळाने युजरची पॉलिसी तपासता येते. पण एपीआय की अ‍ॅडमिनच्या ताकदीची असते आणि कुठल्याच युजरला बांधलेली नसते. /युजर्स/मी तिच्यावर चालत नाही, कारण तिथे 'मी' कुणी नसतोच. ती फक्त बॅकएंडच्या गुप्त सेटिंगमध्ये राहू द्या. ब्राउझरला जाणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये ती सापडली तर सर्व्हर दुसऱ्याच्या हाती गेला असं समजा.

प्रॉक्सीमागचे दोन सापळे

रिव्हर्स प्रॉक्सीवर जास्तीची सुरक्षा म्हणून बेसिक ऑथ (वेब सर्व्हरची नाव-पासवर्ड विचारण्याची साधी सोय) लावली की एपीआयचं लॉगिन मोडतं. बेसिक ऑथलाही ऑथोरायझेशन हेडरच लागतं आणि जेलिफिनलाही तेच. एका रिक्वेस्टमध्ये दोघांची सोय होत नाही. दोन कुलपं हवीच असतील तर दुसरं व्हीपीएनचं किंवा क्लायंट प्रमाणपत्राचं ठेवा.

दुसरा सापळा आयपीचा. जेलिफिनच्या नेटवर्क सेटिंगमध्ये प्रॉक्सीचा पत्ता 'ज्ञात प्रॉक्सी' म्हणून भरला नसेल, तर प्रॉक्सीने पुढे पाठवलेला खरा आयपी सर्व्हर मानत नाही. सगळी लॉगिन प्रॉक्सीच्या आयपीवरून आल्यासारखी दिसतात. लॉगमध्ये चुकीच्या पासवर्डच्या प्रत्येक नोंदीसमोर एकच घरगुती आयपी दिसू लागला, की समजा हेच झालंय. त्या लॉगवर फेलटूबॅन (चुकीचे प्रयत्न करणाऱ्या आयपीला बंदी घालणारं साधन) चालवत असाल तर ते हल्लेखोराऐवजी तुमच्या प्रॉक्सीलाच बंदी घालेल, आणि मग कुणालाच आत येता येणार नाही.

एम्बीसाठीही हाच क्रम साधारण लागू पडतो, कारण मूळ एकच; हेडरच्या नावांत फरक आहे आणि पत्त्याच्या सुरुवातीला बहुधा /एम्बी लागतं. दोन्ही सर्व्हर चालवायचे असतील तर पहिल्या पावलातलं प्रॉडक्टनेम बघून हेडर बनवणारं फंक्शन वेगळं काढा. बाकी बराचसा कोड तसाच राहतो.